बेडकांना विजारी शिवणारा धर्मगुरू

मृगाचा पाऊस पडून गेला, की सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा आणि आसपासच्या शिवारात एक ठरलेले दृश्य दिसते. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, बांधालगतच्या चरांत गढूळ पाणी साचते. पिवळेधमक नर बेडूक गळ्याजवळच्या निळसर पिशव्या फुगवून रात्रभर डराव डराव करतात. सकाळी त्याच पाण्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखा, काळे ठिपके असलेला चिकट थर तरंगताना दिसतो. दोन-तीन दिवसांत ते ठिपके वळवळू लागतात आणि डबके बेडूकमाशांनी भरून जाते.

मग पाऊस उघडीप देतो. सोयाबीन माना टाकते आणि डबकीही आटतात. चिखलात तडफडणारे बेडूकमासे पाहून एखादे पोर त्यांना ओंजळीने उचलते, बादलीत घालते आणि घरी आणते. पुढचे काही आठवडे घरात त्या बादलीचीच चर्चा चालते. मागचे पाय फुटले, पुढचे फुटले, शेपटी आखूड झाली. अशाच वेळी पोर विचारते, की हे आले कुठून? आजी सांगते, पावसातून पडले. आजोबा म्हणतात, चिखलातून उपजले. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लेवून धोंडी काढणाऱ्या आपल्या खेड्यांत पाऊस आणि बेडूक यांचे नाते पक्के आहे. त्यामुळे ही उत्तरे कुणाला खटकत नाहीत.

हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतील एका धर्मगुरूने फार गंभीरपणे घेतला. लाझारो स्पालान्झानी हे त्यांचे नाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या रणात निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली. त्यानंतर सव्वाचार वर्षांनी, जानेवारी १७२९ मध्ये, उत्तर इटलीतील स्कांदियानो या लहानशा गावात स्पालान्झानी जन्मले. बेडकाची अंडी आणि बेडूकमासे यांच्या मदतीने त्यांनी जे शोधले, त्यावर आजचे वंध्यत्वाचे उपचार उभे आहेत. पण त्यांच्या चरित्रातला सर्वांत शिकण्यासारखा भाग त्यांचा शोध नसून त्यांची चूक आहे.

वकिली सुटली, विज्ञान लागले

वडील वकील होते. मुलानेही तेच करावे अशी त्यांची इच्छा. शालेय शिक्षण रेज्जो येथील जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यालयात झाल्यावर लाझारोंना कायदा शिकण्यासाठी बोलोन्या विद्यापीठात पाठवण्यात आले. तिथे त्यांची नात्यातली बहीण लाउरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवत होती. युरोपात विद्यापीठात अध्यापक झालेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिच्या सहवासात तरुण लाझारोंचे मन कायद्याच्या पोथ्यांतून उठले आणि निसर्गाच्या अभ्यासात रमले. वडिलांची समजूत घालण्यात आली आणि वकिलीचा मार्ग सुटला.

पुढे त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. चर्चकडून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे पोटाची चिंता मिटली आणि संशोधनाला वेळ मिळाला. रेज्जो, मग मोदेना असा अध्यापनाचा प्रवास करत १७६९ मध्ये ते पाविया विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. सुट्टी लागली की मात्र ते स्कांदियानोच्या घरी परतत. त्यांचे बरेच प्रयोग या घरातच झाले. बहीण मारियाना त्यांच्या घरातल्या संग्रहाची देखभाल करी. काचेची भांडी, तळ्यातून आणलेले बेडूक, गोगलगायी, पाण्यातले जीव यांनी ते घर भरलेले असे.

रश्श्यात जीव येतो कुठून?

त्या काळी शिकलेल्या लोकांनाही वाटे, की बारीक जीव आपोआप निर्माण होतात. आपल्याकडेही घामातून उवा होतात असे मानत. जॉन नीडहॅम या इंग्रज धर्मगुरूने मटणाचा रस्सा उकळून बाटलीत बुचाने बंद केला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की निर्जीव पदार्थातच जीव उपजवणारी एक शक्ती असते.

स्पालान्झानींना दोन शंका आल्या. रस्सा पुरेसा उकळला होता का? आणि बुचातून हवा आत जात नव्हती का? त्यांनी काचेच्या कुप्यांची तोंडेच आगीवर वितळवून बंद केली आणि काही कुप्या थोडा वेळ, तर काही तब्बल तासभर उकळल्या. थोडा वेळ उकळलेल्यांत जीव आढळले. तासभर उकळून नीट बंद केलेल्यांत एकही नाही. कुपीचे तोंड फोडताच मात्र पुन्हा जीव दिसू लागले. १७६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. विरोधक गप्प बसले नाहीत. इतके उकळल्याने जीवशक्तीच मेली, असे ते म्हणू लागले. वादाचा पक्का निकाल लागायला सुमारे १०० वर्षांनी लुई पाश्चर यावे लागले. तरी डबाबंद अन्न टिकवण्यामागचे तत्त्व, शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्यामागचे तत्त्व आणि पाणी चांगले उकळून प्या हा दवाखान्यातला सल्ला, या सगळ्यांची मुळे त्या कुप्यांपर्यंत पोहोचतात.

या प्रयोगांतून त्यांची पद्धत घडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे. पुढे बेडकांच्या बाबतीत हीच पद्धत कामाला आली.

शेपटी पुन्हा फुटते

१७६८ मध्ये स्पालान्झानींनी एक छोटे पुस्तक लिहिले आणि युरोपभर खळबळ उडाली. बेडूकमाशाची शेपटी कापली तर ती पुन्हा वाढते, सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचा तुटलेला पाय हाडांसकट पुन्हा येतो, असे त्यात होते. लहान वयाच्या प्राण्यात ही क्षमता जास्त असते, हेही त्यांनी टिपले. फ्रान्सचा विचारवंत व्हॉल्तेअर स्वतः गोगलगायींवर प्रयोग करू लागला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने स्पालान्झानींना सदस्यत्व दिले.

आज डॉक्टरांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. माणसाचे यकृत बऱ्याच अंशी पुन्हा वाढते, जखमेवर कातडी येते, पण तुटलेला पाय येत नाही. असे का, याचे उत्तर शोधताना संशोधक अजूनही बेडूकमासे आणि सॅलॅमँडर पाळतात. १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील संशोधकांनी आपल्याकडेही आढळणाऱ्या एका फुगऱ्या बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग केला. शेपटी कापून त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवले, तर शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले. शरीराच्या जडणघडणीवर या द्रव्याचा केवढा प्रभाव आहे, हे त्यातून जगाला दिसले. मुरुमांवर दिली जाणारी याच कुळातली औषधे गर्भारपणात का चालत नाहीत, हे समजायला दुसरे उदाहरण नको.

मेण लावलेल्या कापडाची विजार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अंड्यातून बेडूकमासा होतो हे लोकांना ठाऊक होते. पण अंड्यात जीव येतो कशाने? बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते, तेव्हा नराने तिला पाठीवरून घट्ट धरलेले असते. तो नेमके काय करतो? गर्भधारणा आईच्या शरीराबाहेर होऊच शकत नाही, असे लिनियससारख्या थोर शास्त्रज्ञाचे ठाम मत होते. काहींच्या मते नराच्या वीर्यातून निघणारी एक सूक्ष्म वाफच काम करत असे. प्रत्यक्ष स्पर्शाची गरज नव्हती.

स्पालान्झानींच्या आधी फ्रान्समध्ये रेओम्यूर आणि नोले यांनी नर बेडकांना विजारी घालून पाहिल्या होत्या. त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते. स्पालान्झानींनी १७७० च्या दशकात ही युक्ती पुन्हा उचलली. मेण लावलेल्या रेशमी कापडाच्या, पाणी न शिरणाऱ्या लहान विजारी शिवल्या आणि नरांना घातल्या. कल्पना हास्यास्पद वाटते, पण प्रयोग नेमका होता. विजार घातलेल्या नरांनी माद्यांना नेहमीसारखेच धरले, माद्यांनी अंडीही सोडली. पण त्या अंड्यांतून एकही बेडूकमासा निघाला नाही. ती कुजून गेली. विजार न घातलेल्या जोड्यांची अंडी मात्र वळवळू लागली.

ते इथेच थांबले नाहीत. विजारींच्या आत वीर्याचे काही थेंब राहिले होते. ते त्यांनी नराचा संबंध न आलेल्या अंड्यांना लावले. त्या अंड्यांतून बेडूकमासे निघाले. पुढे मादीच्या शरीरातून थेट काढलेल्या अंड्यांवरही त्यांनी हेच करून दाखवले. नर-मादीच्या मीलनाशिवाय, माणसाच्या हाताने, भांड्यातल्या पाण्यात जीव तयार झाला होता.

वाफेच्या कल्पनेचीही त्यांनी परीक्षा घेतली. एका काचेच्या वाटीत वीर्य ठेवले, वरच्या वाटीच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवली, मध्ये थोडे अंतर ठेवले. वाफ अंड्यांपर्यंत पोहोचली, पण काहीच घडले नाही. तेच वीर्य अंड्यांना लावताच गर्भ वाढू लागला. म्हणजे वाफ पुरत नाही, स्पर्शच हवा. हे सारे १७८० मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याच सुमारास त्यांनी एका कुत्रीला इतर कुत्र्यांपासून वेगळे कोंडून ठेवले, माजावर आल्यावर कोमट केलेल्या पिचकारीने तिच्या गर्भाशयात वीर्य सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. सस्तन प्राण्यातील कृत्रिम रेतनाचा हा पहिला नीट नोंदवलेला प्रयोग. आज गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई-म्हशींसाठी जे रोज केले जाते, त्याची सुरुवात इथली. वीर्य थंड केले की त्यातली हालचाल थांबते आणि ऊब मिळाली की परत येऊ शकते, असेही त्यांनी नोंदवून ठेवले.

या प्रयोगांत बेडकांचे हाल झाले, हेही सांगितले पाहिजे. मादीला धरलेल्या नराचे अवयव कापूनही तो पकड सोडतो का, असली क्रूर परीक्षा त्यांनी घेतली होती. आज कोणत्याही संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करायचा तर नैतिक समितीची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे.

गाळणकागदावर राहिलेले उत्तर

इथवरची कथा यशाची आहे. पुढची चुकीची. वीर्यात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे शुक्राणू दिसतात, हे १६७७ मध्ये हॉलंडच्या लेवेनहुक यांनी पाहिले होते. पण त्यांचे काम काय, यावर एकमत नव्हते. अनेकांच्या मते ते वीर्यातले परजीवी जंतू होते, आतड्यातल्या जंतांसारखे.

स्पालान्झानींनी बेडकाचे वीर्य पाण्यात मिसळून कापूस, चिंध्या आणि टिपकागदातून गाळले. गाळण जाड होत गेले तसा खाली उतरलेल्या पाण्याचा गुण कमी होत गेला आणि अखेर अंडी फळेनाशी झाली. मग गाळणकागदावर राहिलेला अंश त्यांनी स्वच्छ पाण्यात कालवला आणि ते पाणी अंड्यांना लावले. बेडूकमासे तयार झाले! कागदावर अडकले होते ते शुक्राणू. उत्तर त्यांच्या हातात होते.

पण त्यांनी ते उचलले नाही. स्पालान्झानींची आधीपासूनची श्रद्धा अशी, की संपूर्ण प्राणी छोट्या रूपात आईच्या अंड्यातच तयार असतो. बापाचे वीर्य त्याला फक्त चेतना देते. फळलेले आणि न फळलेले अंडे सुरुवातीला सारखेच दिसते, हा त्यांना पुरावा वाटला. त्यामुळे शुक्राणू नव्हे, वीर्यातला द्रवच काम करतो असे ते म्हणत राहिले. विजारीपासून गाळणीपर्यंत एकेक शंका प्रयोगाने फेडणारा हा माणूस, स्वतःच्या लाडक्या मताजवळ येताच थबकला.

गाळणीचा हाच प्रयोग १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी पुन्हा केला आणि सरळ निष्कर्ष काढला, की गर्भधारणेला शुक्राणूच लागतात. १८७० च्या दशकात जर्मनीच्या ऑस्कर हेर्टविग यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यात शुक्राणूचे आणि अंड्याचे केंद्रक एकत्र येताना पाहिले. आई आणि बाप दोघांचाही बरोबरीचा वाटा आहे, हे तेव्हा कायमचे ठरले. स्पालान्झानींच्या गाळणकागदापासून तिथवर पोहोचायला जवळपास एक शतक लागले.

स्वतःचे पोट आणि आंधळी वटवाघळे

त्यांची जिज्ञासा एका विषयावर थांबणारी नव्हती. अन्न पोटात दळले जाते की विरघळते, हे ठरवण्यासाठी त्यांनी कापडाच्या लहान पिशव्यांत भाकरी-मांस शिवून त्या स्वतः गिळल्या. पिशव्या बाहेर पडल्या तेव्हा कापड शाबूत आणि आतले अन्न गायब. उपाशीपोटी उलटी काढून त्यांनी स्वतःचा जठररस मिळवला, त्यात मांस घातले आणि ती नळी शरीराएवढ्या उबेत ठेवली. मांस विरघळले. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे यातून पक्के झाले.

उतारवयात, १७९३ पासून, त्यांना वटवाघळांनी पछाडले. डोळे काढलेली वटवाघळेही अंधारात दोऱ्यांना न धडकता उडत होती. जिनिव्हाच्या झ्युरिन यांनी कान बंद करून पाहिले, तर ती धडकू लागली. वटवाघूळ कानांनी पाहते, हे लोकांना पटेना. त्याचा उलगडा १९३८ मध्ये झाला, जेव्हा माणसाला ऐकू न येणारे त्यांचे आवाज यंत्राने टिपले गेले. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनीही असाच, आपल्या कानापलीकडचा आहे.

कीर्तीबरोबर शत्रूही वाढले. १७८५ मध्ये स्पालान्झानी कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला गेले असताना पावियातील काही सहकाऱ्यांनी त्यांच्यावर विद्यापीठाच्या संग्रहालयातील वस्तू चोरून घरी नेल्याचा आरोप केला. चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. मनातला राग मात्र गेला नाही. त्या सहकाऱ्यांपैकी स्कोपोली यांनी कोंबडीच्या श्वासनळीचा एक तुकडा नवा जंत समजून मोठ्या थाटात प्रसिद्ध केला होता. स्पालान्झानींनी टोपणनावाने लिहून त्यांची जाहीर टर उडवली. थोर माणसेही माणसेच असतात.

अखेरच्या वर्षांत त्यांना प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या विकाराने गाठले. लघवी अडणे, वारंवार संसर्ग होणे हा त्रास आजही साठी ओलांडलेल्या पुरुषांत नेहमी आढळतो. आज गोळ्यांनी किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो आटोक्यात येतो. तेव्हा उपाय नव्हता. फेब्रुवारी १७९९ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, पाविया येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे विकारग्रस्त मूत्राशय पाविया विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केले आहे. आयुष्यभर इतर जीवांचे अवयव तपासणारा माणूस असा स्वतःच अभ्यासाचा विषय झाला.

बेडकाकडून आपल्या घरापर्यंत

बेडकाच्या भांड्यातून सुरू झालेली वाट २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळापर्यंत पोहोचली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले. आता आयव्हीएफ हा शब्द तालुक्याच्या ठिकाणच्या फलकांवरही दिसतो.

उपचार खेड्यापर्यंत आले, पण समज आली का? बाई जमीन आणि पुरुष बीज, ही कल्पना आपल्या मनात अजून घट्ट आहे. पीक आले नाही तर दोष जमिनीला. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखाने, नवस, अंगारे-धुपारे सुरू होतात. तिच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या तपासण्या होतात, कधी दुर्बीणही घातली जाते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी मात्र राहून जाते. त्यात दोष निघेल ही भीती आणि पुरुषात दोष असूच शकत नाही ही खात्री, दोन्ही एकाच वेळी आड येतात. काही घरांत दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते.

वस्तुस्थिती अशी, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते; कधी एकटे, कधी स्त्रीच्या कारणासोबत. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला टोचावे-कापावे लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना दिला की झाले. एका तपासणीत दोष दिसला तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी, कारण ताप किंवा आजारपणामुळे संख्या तात्पुरती घटू शकते. तंबाखू, दारू, अंडकोषातील फुगलेल्या शिरा, लहानपणी राहून गेलेले न उतरलेले अंडकोष, वयात आल्यावर झालेला गालगुंड ही काही कारणे. त्यातल्या कित्येकांवर उपाय आहेत. गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनाही हेच सांगायचे. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्राणूतील गुणसूत्रावर ठरते. बेटी बचाव बेटी पढाव योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१५ मध्ये, निवडलेल्या जिल्ह्यांत बुलढाणाही होता. मुलींचे प्रमाण घटलेले होते म्हणूनच ही निवड झाली. तेव्हा ही गोष्ट आपल्या गावात तर मोठ्याने सांगितली पाहिजे. गाळणकागदावरचे उत्तर डोळ्यांसमोर असताना मनातलेच खरे मानण्याची चूक स्पालान्झानींनी केली. त्यांच्याकडे पुढची २०० वर्षे नव्हती. आपल्याकडे आहेत.

बेडूकमासे घरी आणलेच तर

डबके आटतेय आणि मुलांनी बेडूकमासे आणलेच, तर रागावू नये. थोडेच आणावेत. पसरट भांडे सावलीत ठेवावे, त्यात त्याच डबक्याचे पाणी घालावे. नळाचे पाणी घालायचे तर एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे. उकडलेला पालक चिमूटभर पुरतो. उरलेले अन्न काढून टाकावे आणि दोन दिवसांआड थोडे पाणी बदलावे. मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्ले इतर पिल्लांना खातात, म्हणून लहान-मोठे वेगळे ठेवावेत. भांड्यावर मच्छरदाणीचे कापड बांधावे, नाहीतर त्याच पाण्यात डेंग्यूचे डास वाढतील. पाण्यात हात घातल्यावर साबणाने धुवावेत आणि हे भांडे स्वयंपाकात परत वापरू नये.

आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. पुढचे पाय आले की भांड्यात उतरता दगड ठेवावा. आता त्याला फुप्फुसांनी श्वास घ्यायचा असतो, जमीन मिळाली नाही तर तो बुडतो. या दिवसांत तो खात नाही, काळजी करू नये. शेपटी गळून पडत नाही, शरीरातच जिरते. हे घडवून आणते ते थायरॉइडचे संप्रेरक, जे माणसातही असते आणि ज्यासाठी आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. शेपटी जिरली, की संध्याकाळच्या वेळी त्याला जिथून आणले तिथेच, ओलावा असलेल्या जागी सोडावे.

स्कांदियानो गावाच्या चौकात स्पालान्झानींचा पुतळा आहे. त्यात ते हातातल्या भिंगातून एका बेडकाकडे निरखून पाहत आहेत. बादलीपाशी उकिडवे बसलेले आपल्या घरातले पोर अगदी तसेच दिसते. हे आले कुठून, असे त्याने विचारले, तर पावसातून पडले असे सांगून मोकळे होऊ नये. आई आणि बाप दोघांपासून आले, एवढे खरे उत्तर त्याला द्यावे. मोठेपणी ते त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या उपयोगी पडेल.